गद्र्यांच्या गाडीचा आवाज

कलकत्त्यात बालीगंज स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्याला एक अरुंद गल्ली फुटते. तिच्या तोंडाशी दिगंबर निखाडेचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं एवढंच. वर पत्र्याचं छप्पर, गाडीखाली उतरायला जमिनीत खणलेला खड्डा, कोपऱ्यात गॅस वेल्डिंगची दोन नळकांडी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जुने पाइप. पाटी नव्हती, कारण टॅक्सीवाल्यांना तिची गरज नव्हती. सायलेन्सर फुटून गाडी बोंबलायला लागली की ती आपसूक त्या गल्लीकडे वळायची. "दिगंबरदा, इसको चुप करा दो," एवढंच सरदारजी ड्रायव्हर म्हणायचा आणि समोरच्या टपरीवर चहाला बसायचा. तासाभरात गाडी मुकाट्यानं परत जायची.

निखाडे मूळचे नागपूरचे, तांब्याची भांडी घडवणारे. आजोबा रेल्वेच्या भरतीत इकडे आले ते इकडचेच झाले. वडील खिदिरपूरच्या गोदीत जहाजांचे वाफेचे नळ वाकवायचे. दिगंबर तिथेच जन्मला, बंगाली पोरांत वाढला आणि वडिलांच्या हाताखाली पाइप वाकवायला शिकला. तापलेलं लोखंड कुठल्या रंगाला वळतं आणि कुठल्या रंगाला रुसतं, हे त्याला अक्षरओळख व्हायच्या आधी कळलं होतं, असं त्याची बायको पुष्पा म्हणायची. घरात मराठी, गल्लीत बांगला, गिऱ्हाइकाशी हिंदी, असा त्याचा दिवस जायचा. एकुलती मुलगी वृंदा टाटानगरला दिली होती. गॅरेजमागच्या दोन खोल्यांत आता ही दोघंच उरली होती.

आपल्या धंद्याचा दिगंबरला अभिमान होता, आणि त्याला कारणही होतं. सत्तर-एकाहत्तर सालात, नक्षलवाद्यांच्या धामधुमीत, कलकत्त्यात कुठे काही फाटकन वाजलं की दुकानांची शटरं खाली यायची. बॉम्ब की टॅक्सीचा फुटका सायलेन्सर, हे विचारायला कुणी थांबत नसे. समोरच्या घरात राहणारे भादुडीमास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, हृदयाचं दुखणं असलेले, त्या दिवसांत एकदा मुद्दाम गॅरेजात आले आणि बांगलात म्हणाले, "दिगंबर, या गल्लीला जी काही झोप लागते ती तुझ्यामुळे." दिगंबरनं ते वाक्य जपून ठेवलं होतं. वृंदाला लिहिलेल्या पत्रातही ते घातलं होतं.

आणि अशा माणसाकडे बाहत्तर सालच्या डिसेंबरात शरच्चंद्र गद्रे आपली गाडी घेऊन आले.

गाडी उघडी, दोन आसनांची, इंग्लंडात बनलेली, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. तिचा सायलेन्सर तारेनं बांधलेला होता. गद्रे स्वतः चालवत होते आणि शेजारी त्यांच्या पत्नी नलिनीबाई एक लांबलचक लाकडी खोकं मांडीवर आडवं धरून बसल्या होत्या. खोक्याचं टोक दारातून हातभर बाहेर आलेलं. रस्ताभर "सोरो, सोरो" म्हणत रिक्षावाल्यांना बाजूला सारत त्या इथवर आल्या असाव्यात, कारण उतरल्या तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

दिगंबर त्यांना तोंडओळखीनं जाणत होता. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला गद्रे पुढच्या खुर्च्यांवर असत आणि दिगंबर मागे दिव्यांच्या वायरी सांभाळत असे.

"निखाडे!" गद्रे एवढ्या मोठ्यानं म्हणाले की टपरीवरचे दोघे वळून बघायला लागले. "हिला मोठ्यानं बोलती करायची आहे!"

"म्हणजे गप्प करायची ना, साहेब?"

गद्रे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग बायकोकडे वळले. नलिनीबाईंनी ओठ नीट हलवत, आवाज न काढता, तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"नाही, नाही! मोठ्यानं!" गद्रे म्हणाले.

मग नलिनीबाईंनीच सगळं सांगितलं. गद्रे एकतीस वर्षं बजबजच्या एका जूट मिलमध्ये इंजिनियर होते. मागांच्या शेडमध्ये दोन माणसं कानाला तोंड लावून ओरडली तरी एकमेकांना ऐकू जायची नाहीत. तिथले कामगार ओठांवरून बोलणं वाचतात, तसंच गद्रेही शिकले होते. मराठी, हिंदी, बांगला, तिन्ही ओठांवरून वाचत. निवृत्त झाले तोवर मिलनं त्यांचे कान खाऊन टाकले होते.

गाडी मिलच्या स्कॉटिश मॅनेजरची. दर रविवारी गद्रे हौसेनं तिचं इंजिन उघडून बसत. चौसष्ट साली साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं किल्ली गद्र्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, ही तुलाच ओळखते.

"लीनाच्या पाठवणीला यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही," नलिनीबाई म्हणाल्या, "आणि त्या किल्लीला आलं. मी काय समजायचं ते समजले."

लीना म्हणजे त्यांची मुलगी, आता नवऱ्याबरोबर अमेरिकेत. तिला गाडी शिकवताना गद्रे म्हणत, "गियरकडे बघू नकोस, इंजिनाकडे कान दे. ऐक, आता ती तिसरा मागतेय." आणि आता त्यांनाच ऐकू येत नव्हतं. गियर करकरत होते. वेग कळावा म्हणून ते काट्याकडे बघत आणि तेवढ्यात रस्त्यावरची नजर हटे. गेल्या दिवाळीच्या आधी गडियाहाटला एक हातगाडी थोडक्यात वाचली. त्या संध्याकाळी नलिनीबाईंनी लीनाला लिहिलं की आता मी ही गाडी विकून टाकते. लीनाचं उत्तर म्हणजे हे खोकं. ओळखीच्या कुणाबरोबर जहाजानं आलेलं. आत शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, इंजिनापासून शेपटापर्यंत सगळा. सोबत चिठ्ठी होती: "आई, विकण्याआधी हे एकदा लावून बघ. बाबांना ऐकू आलं तर?"

दिगंबरनं खोकं उघडलं. पाइप आरशासारखे चकचकीत होते. असं काम त्यानं जन्मात हातात घेतलं नव्हतं. तरी तो म्हणाला, "वहिनी, माझा धंदा गाड्या गप्प करायचा आहे. समोर मास्तर राहतात, त्यांना छातीचं दुखणं आहे. मला विचार करू द्या."

गद्र्यांना यातलं अक्षरही कळलं नाही. दिगंबरच्या ओठांवर जाड, खाली उतरलेली मिशी होती. गोदीत काम करायला लागला तेव्हापासूनची. "या माणसाचं तोंड कुलुपात आहे," गद्रे बायकोला म्हणाले. आपण किती मोठ्यानं बोलतो याचा त्यांना पत्ता नसायचा.

जेवताना दिगंबरनं पुष्पाला सगळं सांगितलं. ती भात वाढता वाढता म्हणाली, "त्या बाईंनी एवढं खोकं मांडीवर घेऊन आणलं. विकायची असती तर आणलं असतं का?"

"पण मास्तर?"

"मास्तरांना मी सांगते. तुम्ही आधी त्या मिशीचं बघा. माणूस तुमच्याशी बोलायला येतो आणि तुम्ही त्याच्याशी झुडपातून बोलता."

 सकाळी दिगंबर नळावरून आला तेव्हा मिशी नव्हती. वरचा ओठ गोरा, लहान मुलासारखा उघडा पडला होता. पुष्पानं तोंडाला पदर लावला. हसू आवरेना आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं तो ओठ पहिल्यांदा पाहिला.

गद्रे उत्तर विचारायला गाडी घेऊन आले, त्याला बघून थबकले, आणि म्हणाले, "इथे निखाडे म्हणून असतात, ते कुठे आहेत?"

"मीच निखाडे, साहेब. गाडी खड्ड्यावर घ्या."

गद्र्यांना सगळं वाक्य कळलं.  मग त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या दुमडल्या.

गंजलेला जुना सायलेन्सर हात लावताच तुटून आला. पण नवा काही बसेना. दिगंबर खड्ड्यात उतरून पाइप वर धरी, फिरवी, तिरका करी. इंजिनाकडचं तोंड जुळलं की खालचं वळण स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटे. तासभर झटून तो वर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, स्टिअरिंग डावीकडे असतं. हा पाइप डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी केलेला होता. आपल्या गाडीत जिथून तो जायचा तिथेच दांडा आडवा.

"साहेब, हा असा लागणार नाही. कापून, नवं वळण घालून जोडावा लागेल. चुकला तर दुसरा मिळायचा नाही."

"कापा," गद्रे म्हणाले.

"लेकीनं पाठवलेला आहे."

"निखाडे, आमच्या मिलमध्ये स्कॉटलंडच्या डंडीहून आलेली एकही वस्तू कापल्याशिवाय बसली नाही. कापा."

तरी दिगंबरनं त्या दिवशी कापला नाही. आधी जुन्या पाइपावर हात बसवायचा होता. पाइप नुसता तापवून वाकवला तर वळणावर चपटा होतो; म्हणून आत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि मग तापवायचा. पुष्कळ वर्षांत त्यानं हे काम केलं नव्हतं. टॅक्सीला सरळ पाइप पुरत. त्यानं बांधकामावरची वाळू भरली, ज्योत धरली, आणि पाइप लाल व्हायच्या आधीच तोंडाच्या खुंटीनं उडी घेतली ती छपराच्या पत्र्याला भोक पाडून गेली. टपरीवरचे लोक खाली बसले.

पुष्पा बाहेर आली. तिनं सांडलेली वाळू चिमटीत धरून पाहिली. "ओली आहे. पाण्याची वाफ झाली आत. तुमचे वडील वाळू भाजून घ्यायचे, विसरलात?"

तिनं वाळू चाळली आणि आपली लोखंडी कढई चुलीवर चढवली. इकडच्या बायका मुडी म्हणजे कुरमुरे फोडायला वाळू तापवतात तशी ती तापवली, उलथन्यानं खालीवर केली, वर काच धरून वाफ धरते का पाहिलं. काच कोरडी राहिली तेव्हाच तिनं कढई उतरवली. "ही आता स्वयंपाकात यायची नाही," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिगंबरनं चकचकीत पाइपाला करवत लावली. पहिला दात बसला तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. नव्या तुकड्यात गरम वाळू भरली, पुष्पा लाकडी हातोडीनं पाइप ठोकत राहिली म्हणजे वाळू दाबून बसेल. मग एक टोक दिगंबरनं शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं, दुसरं गद्र्यांनी जाड हातमोजे घालून धरलं, आणि ज्योत फिरू लागली. काळ्याचा तांबूस झाला, तांबूस गडद झाला.  आणि दोघेही एकाच वेळी म्हणाले, "आला."

गद्र्यांनी ओढलं. पाइप मुळीच कुरकुर न करता वळला.

पुढचे दोन दिवस जोडण्यात गेले. इंजिनाच्या तोंडाशी धूर गळू नये म्हणून नवं गॅस्केट, वळणाचा सांधा, मधे लांबट सायलेन्सर, मग मागचा पाइप. पाइप टांगायच्या कड्या कुठे अडकवायच्या ते दिगंबर बोटांनी चाचपून ठरवत होता, कारण पाइप तापला की लांबतो आणि घट्ट बांधलेला असला तर तडकतो. शनिवारी सकाळी सगळं तयार झालं. नलिनीबाई आल्या. पुष्पानं भादुडीमास्तरांना आधी सांगून ठेवलं होतं. तरी ते कानात कापूस घालून खिडकीत उभे होते.

गद्र्यांनी किल्ली फिरवली.

जो आवाज उठला तो कापड फाटल्यासारखा कर्कश होता. टपरीवरच्या कपबशा थरथरल्या, कोपऱ्यावरच्या शिंप्यानं शटर ओढलं, दोन घरांतली मुलं रडायला लागली. भादुडीमास्तर खिडकीतून ओरडत होते, पण काय ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. सगळे गद्र्यांकडे बघत होते. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, मान किंचित वाकवून बसले होते. पायानं वेग दिला, कमी केला, पुन्हा दिला. मग त्यांनी हळूच इंजिन बंद केलं.

"चालू झाली होती का?" त्यांनी विचारलं.

नलिनीबाई गॅरेजातल्या स्टुलावर मटकन बसल्या. "सगळ्या गावाला ऐकू आली," त्या म्हणाल्या, "यांना सोडून."

गद्र्यांनी त्यांचे ओठ वाचले. त्यांनी कोट घातला, किल्ली दिगंबरच्या हातात दिली आणि बायकोला हात देऊन उठवलं. दोघं पायीच घरी गेली. त्यांची पाठ गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत दिगंबर बघत राहिला. त्या दुपारी तो जेवला नाही. एका टॅक्सीवाल्यालाही त्यानं परत पाठवलं.

पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. परवा पुष्पानं रिकामं पिंप ढकललं आणि ते घरंगळत भिंतीला लागलं, तेव्हा पाठमोरे उभे असलेले गद्रे वळले होते. तेच गद्रे, पायाशी पाना पडला तरी हलत नसत.

रविवारी सकाळी दिगंबर त्यांच्या घरी गेला. नलिनीबाईंनी दार उघडलं.

"वहिनी, साहेबांना तासभर माझ्याकडे पाठवा. गाडीचं काही नाही. मला त्यांचे कान बघायचे आहेत."

"तुम्ही कानाचे डॉक्टर कधीपासून झालात?" त्या म्हणाल्या, पण हाक मारायला वळल्या.

त्यानं गद्र्यांना गॅरेजात भिंतीकडे तोंड करून बसवलं. ऐकू आलं तर हात वर करायचा. मग त्यानं एकेक वस्तू वाजवायला सुरुवात केली. लहान पाना: हात हलला नाही. सायकलची घंटी: नाही. पितळी तांब्या: नाही. जाड पाइप, वरून लाकडानं: हात अर्धा उठला आणि खाली आला. रिकामं पिंप, मुठीनं: हात वर! पाण्यानं अर्धं भरलेलं पिंप: नाही. लांब पाइपाच्या एका तोंडात दिगंबर स्वतः घुमला, गोदीतला भोंगा वाजतो तसा: हात वर, आणि गद्रे हसत वळले. "हे कोण, बैल?"

मिलनं बारीक, धारदार आवाज नेले होते, जाड आवाज ठेवले होते. लीनानं पाठवलेला एक्झॉस्ट धारदार आवाजाचा होता. साहेबांना हवा होता जाड.

पुढचा आठवडा दिगंबरनं दुसरं काम घेतलं नाही. त्यानं मागचा पाइप काढून जास्त जाडीचा, जास्त लांबीचा घातला. सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याचा एक बंद डबा जोडला, म्हणजे कर्कश आवाज त्यात शिरून तिथेच जिरेल. डबा मोठा झाला तर आवाज मरे, लहान झाला तर चिरके. चार डबे त्यानं घडवले आणि तोडले. प्रत्येक वेळी गद्रे स्टुलावर बसून हात वर करीत किंवा करीत नसत, आणि समोर भादुडीमास्तर, आता उत्सुकतेनं, खिडकीतून मान हलवीत किंवा हलवीत नसत. पाचव्या डब्याला दोघांचाही होकार एकदम आला. मास्तर कापूस काढून बाहेर आले आणि म्हणाले, "हा चालेल. पोट भरलेल्या माणसासारखा बोलतोय."

मग गद्र्यांनी दिगंबरला शेजारी बसवून गाडी काढली. ताराताळ्याच्या पुढे बजबजचा रस्ता मोकळा होता; डाव्या हाताला आगगाडीचे रूळ, उजवीकडे मिलच्या भिंती आणि मधूनच झाडांआडून नदी. दिगंबर रस्त्याकडे बघत नव्हता. तो गद्र्यांच्या डाव्या हाताकडे बघत होता. पहिला, दुसरा. इंजिन घुमत वर चढलं. गद्र्यांची नजर समोर, काट्याकडे नाही. मान किंचित एका बाजूला. हात आपोआप गियरच्या दांड्यावर गेला, आणि तिसरा लोण्यात सुरी जावी तसा पडला.

"मागितला तिनं," गद्रे म्हणाले. पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले होते.

बजबजला नदीकाठी त्यांनी गाडी थांबवली आणि बराच वेळ चालूच ठेवली, नुसती उभी. पेट्रोल जाळल्याबद्दल दिगंबरनं एरवी कुणालाही टोकलं असतं. त्या दिवशी तो पलीकडच्या काठाकडे बघत बसला.

नलिनीबाईंनी रात्रीच लीनाला पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण लीनाचं पुढचं पत्र गॅरेजच्या पत्त्यावर आलं, "दिगंबरकाका आणि पुष्पाकाकू यांना" असं लिहून. मराठी अक्षर जरा विसरलेलं होतं. सोबत पुष्पाला एक कढई पाठवली होती. तिला काहीही चिकटत नाही, असं लिहिलं होतं. पुष्पानं ती शेजारणींना इतकी दाखवली की वापरायला सवड झाली नाही.

गद्रे त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं गाडी चालवत होते. पेट्रोल महाग झालं तेव्हा फक्त रविवारी. पण चालवत होते. संध्याकाळी ते पायी गॅरेजात येत आणि स्टुलावर बसत. आणि दिगंबरला एक नवी सवय लागली होती. कुणी गाडी गप्प करायला आणली की तो लगेच खाली शिरत नसे. "पहले एक चक्कर लगाओ," असं म्हणून तो आधी ती ऐकून घेई. टॅक्सीवाले कुरकुरत, पण जात.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर एके सकाळी गद्रे गाडी घेऊन आले, गॅरेजात लावली आणि किल्ली दिगंबरपुढे धरली.

"आता पिंपही ऐकू येत नाही, निखाडे," ते म्हणाले. "दोन आठवडे झाले. घरी सांगितलं नाही अजून. वाटेत एक शाळा लागते, तिथे माझी छाती धडधडते. तुमच्याकडेच ठेवा."

 दिगंबरनं गद्र्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तो कधी ठेवला नव्हता. मग किल्ली घेऊन त्यानं खिळ्याला अडकवली.

नलिनीबाईंना कळायचं ते कळलंच. त्या दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या. पदर खोचलेला होता.

"भावजी, गाडी विकायची नाही."

"नाही विकत, वहिनी. पण चालवणार कोण?"

"मी."

दिगंबर हसला नाही, हे त्यानं बरं केलं. नलिनीबाई पंचावन्न वर्षांच्या होत्या आणि आयुष्यात त्यांनी शिवणयंत्राखेरीज काही चालवलं नव्हतं. रोज पहाट उलटली की मोठ्या तळ्याकाठच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. त्या गियर टाकताना देवाचं नाव घेत, आणि वळणावर दिगंबर घेई. मोठ्यानं बोलायची त्यांना नवऱ्यामुळे सवय होती, त्यामुळे त्यांच्या तोंडून निघालेलं "अहो, बाजूला!" अर्ध्या तळ्याभर ऐकू जाई. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या, दुसऱ्या परीक्षेतही. तिसऱ्यांदा परीक्षा घेणारा साहेब म्हणे घाबरून पास करून गेला.

ज्या रविवारी त्या गद्र्यांना शेजारी बसवून पहिल्यांदा निघाल्या, त्या रविवारी पुष्पानं चहा टाकून ठेवला होता. दहाच्या सुमारास हिरवी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथेच बंद पडली. मागे दोन रिक्षा, एक टॅक्सी आणि भाजीची गाडी अडकली. भोंगे, घंट्या, ओरडणं, सगळं सुरू झालं. गद्रे यातलं काही ऐकत नव्हते. मांडीवर हात ठेवून ते शांत बसले होते.

नलिनीबाईंनी त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि ओठ नीट हलवत म्हणाल्या, "उतरा आणि ढकला."

गद्रे उतरले. दिगंबर धावत आला, टॅक्सीवाला आला, भादुडीमास्तर छातीचं दुखणं विसरून मदतीला आले. सगळ्यांनी रेटा दिला. इंजिनानं एक आचका दिला आणि घुमत जागं झालं. पण आता थांबलं तर पुन्हा बंद पडेल, या धास्तीनं नलिनीबाईंनी पाय उचललाच नाही. गाडी गॅरेजवरून गेली, टपरीवरून गेली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

गद्रे रस्त्याच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात धुळीनं भरलेले. मग ते हसायला लागले. इतके हसले की दिगंबरला त्यांना धरून स्टुलावर आणून बसवावं लागलं.

"येतील परत," दिगंबर त्यांच्यासमोर तोंड आणून म्हणाला.

"येणारच," गद्रे म्हणाले. "थांबायला शिकवलंत ना तिला?"

पुष्पानं त्यांच्या हातात चहा दिला आणि नलिनीबाईंचा कप बशीनं झाकून ठेवला. गद्र्यांनी स्टूल रस्त्याच्या बाजूला फिरवून घेतलं, आणि त्या वळणाकडे बघत, घोट घोट चहा घेत बसले.